रस्त्यात उभा राहिलेला ट्रक



एक साधा प्रश्न विचारतो. उन्हाळ्याचे दिवस आहेत, दुपारचे दोन वाजले आहेत आणि आपण कुटुंबासह मोटारीने अरावाच्या रस्त्याने एलातला निघाला आहात. पारानचा मोशाव मागे पडला आहे. दोन्ही बाजूंना दगडगोटे, वाळू आणि मधूनच एखादे बाभळीचे झाड. इतक्यात रस्त्याच्या कडेला एक मोठा मालट्रक उभा दिसतो. त्याची केबिन पुढे झुकवलेली आहे, मागे लाल त्रिकोण ठेवला आहे आणि एक माणूस इंजिनात डोके घालून वाकला आहे. आपल्या गाडीत नातवंडे आहेत, एलातला हॉटेलात खोली राखून ठेवलेली आहे. आपण थांबावे काय?

माझ्या पाहण्यात बहुतेक जण थांबत नाहीत. ते दुष्ट असतात असे मुळीच नाही. घरी आलेल्या पाहुण्याला जेवल्याशिवाय जाऊ न देणारी ही माणसे. विचारले तर ती दोन कारणे सांगतात आणि दोन्ही ऐकण्यासारखी आहेत. पहिले असे की, "मला डिझेल इंजिनातले काय कळते? मी थांबून करणार काय?" दुसरे असे की, "आजकाल प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. त्याने मालकाला केव्हाच कळविले असेल." ही कारणे खरी आहेत की केवळ सोयीची आहेत, हे मला तपासून पाहावयाचे आहे.

हा प्रश्न मोटारी निघाल्यावर उत्पन्न झाला असे कोणी समजू नये. तोरामध्ये तो दोन ठिकाणी आला आहे, शेमोथच्या २३ व्या अध्यायात आणि देवारीमच्या २२ व्या अध्यायात. ओझ्याखाली कोसळलेले गाढव दिसले तर त्याला तसेच टाकून जाऊ नये, मालकाबरोबर हात लावून ते सोडवावे, अशी ती आज्ञा आहे. पहिल्या ठिकाणी तर ते गाढव आपल्या वैऱ्याचे आहे! पुढे मिश्ना आणि तालमूदमध्ये रब्बींनी या एका गाढवाचा इतका बारकाईने विचार केला आहे की, वाचताना वाटते, या लोकांनी आयुष्यात पुष्कळ वेळा रस्त्यात थांबून ओझी उचलली असली पाहिजेत. नुसते पुस्तकी पंडित असते तर त्यांना हे प्रश्न सुचलेच नसते.

उदाहरणार्थ, त्यांनी असे विचारले की, गाढव किती दूरवरून दिसले म्हणजे आपल्यावर बंधन येते? क्षितिजावर कोठेतरी एक ठिपका दिसला म्हणून माणसाने शेते तुडवीत धावत सुटावे काय? बाबा मेत्सियामध्ये याचे माप दिले आहे. एका 'मिल'चा साडेसातावा भाग, ज्याला 'रीस' म्हणत, तेवढ्या अंतरात दिसले तर ती गाठ पडल्यासारखीच समजावी. आजच्या हिशेबाने हे अंतर सुमारे १३० मीटर भरते.

आता गंमत पाहा. पायी चालणाऱ्या माणसाला १३० मीटर जावयास दीड मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागतो. तेवढ्या वेळात त्याला ते जनावर दिसते, मालकाचा चेहरा ओळखू येतो, आपल्या मनातला आळस आणि मनातली लाज यांचे भांडण होते आणि निकालही लागतो. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीला तेच अंतर कापावयास पाच सेकंद लागतात. पाच सेकंदांत कोणाचे भांडण मिटले आहे? ट्रक आरशात दिसू लागतो तेव्हा आपण अजून "थांबावे का?" असे म्हणतच असतो, आणि मग "आता पुढे आलोच आहोत" हे तिसरे कारण तयार होते. म्हणून माझे म्हणणे असे की, या प्रश्नाचे उत्तर रस्त्यावर शोधावयाचे नसते. ते घरून निघतानाच ठरलेले असले पाहिजे, जसे पाण्याची बाटली घ्यावयाची हे ठरलेले असते. नाहीतर निर्णय आपण घेत नाही, आपला वेग घेतो.

आता पहिल्या कारणाकडे वळू. मला इंजिनातले कळत नाही.

डिझेल इंजिनाला पेट्रोलच्या इंजिनासारखी ठिणगी लागत नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियराने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले, त्याचे तत्त्व असे की, हवा इतकी दाबावयाची की ती दाबानेच तापते, आणि त्या तापलेल्या हवेत तेलाचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. म्हणून असले इंजिन चालता चालता गप्प झाले की जाणता ड्रायव्हर प्रथम तेलाच्या वाटेकडे पाहतो. फिल्टर चोंदला असेल, डिझेलमध्ये पाणी असेल, टाकी तळाला गेली असेल किंवा एखादा सांधा सैल होऊन नळीत हवा शिरली असेल. ही शेवटची गोष्ट फार त्रासाची. हवा दबते, तेल दबत नाही. पंप कितीही जोर करो, तो सारा जोर बुडबुडा दाबण्यात खर्च होतो आणि नोझलमधून फवारा उडत नाही. मुंबईकडचे मिस्त्री याला "गाडीने एअर घेतली" असे म्हणत.

यावरचा जुना उपाय असा. फिल्टरजवळचा स्क्रू सैल करून हातपंप मारीत राहावयाचे, बुडबुडे थांबेपर्यंत. तेवढ्याने भागले नाही तर नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट एकेक करून सैल करावयाचे, इंजिन स्टार्टरने फिरवावयाचे, आणि स्वच्छ तेल आले की नट आवळावयाचा. येथेच मेख आहे. पाना घेतलेला माणूस खाली इंजिनापाशी आणि किल्ली वर केबिनमध्ये! एकट्याने हे करावयाचे म्हणजे दर वेळी चढउतार करावी लागते आणि तोपर्यंत कोणत्या नटातून काय आले हे दिसत नाही.

म्हणूनच आपल्या जुन्या देशात ट्रकवर ड्रायव्हरबरोबर क्लीनर असे. नावावरून वाटते की हा पोरगा गाडी पुसण्यासाठी ठेवला आहे. प्रत्यक्षात तो दुसरा हात असे. ज्यांनी खंडाळ्याचा घाट एस.टी.ने चढला आहे त्यांना ते दृश्य आठवत असेल. चढावर ट्रक उभा आहे, क्लीनरने मागच्या चाकांना दगड लावले आहेत, मागे काही अंतरावर झाडाची फांदी तोडून रस्त्यावर टाकली आहे म्हणजे येणाऱ्याला दुरूनच समजावे. एक जण सुटा भाग आणावयास पुण्याकडे किंवा खोपोलीकडे गेला आहे, दुसरा मालावर राखण बसला आहे. गाडी सुरू झाली की ही मंडळी भुर्रकन निघून जात आणि ते दगड तेथेच रस्त्यात राहत, ही मात्र त्यांची फार वाईट खोड होती. रात्री मागून येणाऱ्या सायकलवाल्याचे काय होईल याचा विचार कोणी करीत नसे. ज्याला नुकतीच मदत मिळाली आहे त्यानेच दुसऱ्याच्या वाटेत दगड ठेवून जावे, ही नीतिशास्त्रातील एक स्वतंत्र जागा आहे. तिच्यावर पुन्हा केव्हातरी लिहिता येईल.

इकडे इस्रायलमध्ये क्लीनर नाही. चाळीस टनांची गाडी आणि तिच्यावर एकटा माणूस. मग तो एकटा असताना गाडी एअर घेते तेव्हा त्याला मिस्त्री हवा असतो असे नाही. मिस्त्री तो स्वतः असतो. त्याला किल्ली फिरविणारा हवा असतो. "मला इंजिनातले काही कळत नाही" असे म्हणणाऱ्या आपल्या प्राध्यापक जावयालासुद्धा किल्ली फिरविता येते.

येथे कोणी जाणकार म्हणेल की, तुमचे हे इंजिन जुन्या जमान्यातले झाले. बरोबर आहे. आजच्या ट्रकच्या इंजिनात तेलाचा दाब हजार बारच्या कितीतरी वर असतो. त्याच्या नळ्या चालत्या इंजिनात सैल करावयाच्या नसतात. तो फवारा कातडी भेदून आत शिरतो. कित्येक बिघाडांत इंजिन स्वतः मोडलेलेच नसते, संगणकाने ते थांबविलेले असते. धुरातील विषारी वायू कमी करण्यासाठी जे द्रव टाकावे लागते ते संपले आणि गाडी एकदा बंद केली, तर नव्या ट्रकचा संगणक वेग अगदी रांगण्याइतका उतरवितो, टाकीत डिझेल कितीही असो. अशा वेळी ड्रायव्हर आणि आपण दोघे सारखेच अडाणी. मुसाखमधून माणूस आपला संगणक घेऊन येईपर्यंत दोघांनाही काही करता येत नाही.

ब्रेकचीही अशीच गोष्ट आहे. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात आणि त्यांची रचना मुद्दाम उलटी केलेली आहे. पार्किंगचा ब्रेक लावावयास जोर लागतो तो स्प्रिंगचा, आणि तो सोडवून धरावयाचे काम हवेचे. नळी फुटून हवा गेली की स्प्रिंग चाके आवळून धरते. उतारावर गाडी सुटून माणसे मरू नयेत म्हणून ही योजना, आणि ती शहाणपणाची आहे. पण तिचा परिणाम असा की, हवा गेलेला ट्रक जेथे थांबला तेथेच थांबतो, मग ती जागा वळणावरची का असेना. ढकलून कडेला घेणे नाही. अशा वेळी दुसरा ट्रकवाला आला तर तो आपल्या गाडीची हवा नळीने याला देऊ शकतो. ट्रकवाल्याने ट्रकवाल्याला हवा द्यावी, ही मला फार सुंदर गोष्ट वाटते. आपल्या छोट्या मोटारीला मात्र ते करता येत नाही.

तेव्हा पहिल्या कारणात अर्धे तथ्य आहे, आणि दिवसेंदिवस ते अधिक खरे होत चालले आहे. वाटसरूचे कसब आता इंजिनाच्या उपयोगी पडत नाही. मग थांबण्याचे प्रयोजन उरले काय? येथे मला रामबाम (मृत्यू १२०४) आठवतो. या आज्ञेवरचा आपला अध्याय संपविताना तो वैऱ्याच्या बाबतीतही मदत का करावी याचे कारण देतो, आणि ते कारण गाढवाविषयी नाही, ओझ्याविषयीही नाही. तो म्हणतो त्याचा आशय असा की, माणूस आपला माल सोडून जात नाही. मालाच्या मोहाने किंवा काळजीने तो तेथेच रेंगाळेल आणि त्यामुळे त्याच्या जिवाला धोका होईल. म्हणून त्याला एकटे टाकू नये.

ट्रकवाल्याला ओळखणाऱ्याने हे वाचले की त्याला वाटेल, आठशे वर्षांपूर्वी हे लिहिणारा अरावाच्या रस्त्याने नुकताच जाऊन आला होता. शहाण्या माणसाने चाळीस अंशांच्या उन्हात, झुकवलेल्या केबिनशेजारी, इंजिनाच्या धगीत का उभे राहावे? त्याने आल्यागेल्या गाडीत बसून योत्वाताला जावे, थंड पेय घ्यावे आणि मुसाखच्या माणसाची वाट पाहावी. पण मागे वीस टन सिमला मिरची आहे, थंडीचे यंत्र चालू आहे की नाही हे दर अर्ध्या तासाने पाहावयाचे आहे, बंदरावरची वेळ चुकली तर जाब त्याला द्यावयाचा आहे. तो जात नाही. केबिन झुकवलेली असली म्हणजे बसावयास सावलीसुद्धा नसते, कारण त्याची एकुलती एक सावली ती केबिनच होती.

आणखी एक मुद्दा. गाढवाच्या बाबतीत रब्बींना असा प्रश्न होता की, ही आज्ञा जनावराच्या यातनेसाठी आहे की मालकाच्या नुकसानीसाठी? दोन्ही बाजूंनी पुष्कळ चर्चा झाली आहे. ट्रकला यातना होत नाहीत. म्हणजे जनावर गेले आणि प्रश्न होता त्यापेक्षा सोपा झाला. ट्रकखाली दुसरे कोणी नाही, फक्त माणूस आहे. "यंत्र बिघडले आहे, यंत्राचा माणूस येईल" असे म्हणणाऱ्याच्या नजरेतून नेमका तो सुटतो.

काही वर्षांपूर्वी मी आणि माझा जावई दिमोनाला परत येत होतो. संध्याकाळ झाली होती. एक जुना ट्रक कडेला उभा होता आणि नेगेवमधला एक बेदुईन ड्रायव्हर, साठीच्या घरातला, हातपंप मारीत होता. आम्ही थांबलो. त्याने मान वर न करता सांगितले, "हकोल बसेदेर", म्हणजे सारे ठीक आहे. ठीक काहीच नव्हते हे कोणालाही दिसत होते. मी विचारले, पाणी आहे काय? तेव्हा तो हसला. म्हणाला, आहे, पण त्यात चहाची पूड टाकली तर चहा होईल. आम्ही आमच्याजवळचे थंड पाणी दिले. ते पिऊन झाल्यावर त्याने जावयाच्या इस्त्रीच्या शर्टाकडे एकदा पाहिले आणि विचारले, वर बसून किल्ली फिरवाल काय? मी बॅटरी धरली, तो नट सैल करी, ओरडे, जावई किल्ली फिरवी, पुन्हा ओरडला की थांबे. चाळीस मिनिटे लागली. इंजिन सुरू झाले तेव्हा त्याने मागे खोक्यांकडे पाहून म्हटले, "मिरच्या माझ्या नाहीत, नाहीतर एक पेटी दिली असती." मग फ्लास्कमधली कॉफी दिली. ती फार गोड होती.

त्याचे ते "सारे ठीक आहे" मला महत्त्वाचे वाटते. मिश्नामध्ये या आज्ञेला एक अट घातली आहे. मूळ वचनात 'इम्मो' असा शब्द आहे, म्हणजे 'त्याच्याबरोबर'. त्यावरून मिश्ना असे ठरविते की, गाढवाचा मालक बाजूला जाऊन बसला आणि म्हणाला, "आज्ञा तुला आहे, तर तूच उतरव", तर तुझे बंधन सुटले. मात्र तो म्हातारा किंवा आजारी असेल तर सुटत नाही. ही अट आळशी मालकाला चाप लावण्यासाठी आहे असे आपण समजतो, आणि ते खरेच आहे. पण ती मदत करणाऱ्यालाही चाप लावते. 'बरोबर' म्हणजे त्याला बाजूला सारून नव्हे. गाडी त्याची, पाना त्याचा, हुकूमही त्याचा. कित्येक जण मदतीला उतरतात आणि दोन मिनिटांत ड्रायव्हरलाच शिकवू लागतात की तू गाडी नीट ठेवली नाहीस, फिल्टर वेळेवर बदलला नाहीस. असल्या मदतीपेक्षा माणूस हकोल बसेदेर म्हणून हात हलवितो यात नवल नाही. ज्याच्या रोजच्या कामात तो उस्ताद आहे त्याच कामात तो भर रस्त्यात अडला आहे. त्याला आधीच लाज वाटते आहे.

आता दुसरे कारण. त्याने फोन केला असेलच.

असेल. पण हे वाक्य आपल्या मनात काय करते ते पाहा. १९६८ साली डार्ली आणि लाताने या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका खोलीत बसलेल्या विद्यार्थ्याला यंत्रावरून दुसऱ्या खोलीतल्या माणसाला फेफरे आल्याचा आवाज ऐकू येई. हा आवाज फक्त आपणच ऐकत आहोत असे ज्यांना वाटत होते त्यांपैकी ८५ टक्के जण फेफऱ्याचा तो आवाज चालू असतानाच मदतीसाठी उठले. आणखी चार जण ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते त्यांपैकी फक्त ३१ टक्के उठले. पुढे १९७३ साली याच डार्लीने बॅटसन या सहकाऱ्याबरोबर धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांवर दुसरा प्रयोग केला. त्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यावयास पाठविले आणि वाटेत एक माणूस कण्हत पडलेला ठेवला. ज्यांना सवड होती त्यांपैकी ६३ टक्के थांबले. ज्यांना "उशीर झाला आहे, पळा" असे सांगितले होते त्यांपैकी १० टक्के. त्यांतील काही जणांना भाषण द्यावयाचे होते ते वाटेत पडलेल्या माणसाला मदत करण्याच्या दृष्टांतावरच, तरी त्याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हे वाचून त्या विद्यार्थ्यांना कोणी हसू नये. उशीर झालेला माणूस वाईट होत नाही, त्याला दिसतच कमी.

पूर्वी अरावाचा रस्ता ओसाड असल्यामुळेच लोक तेथे थांबत. मी गेलो तर मागून कोणी येईल याची खात्री नसे. आता खिशातला फोन हा गर्दीचाच एक प्रकार झाला आहे. दिसत नाही, पण तो असल्याने आपल्याला वाटते की आणखी चार जण ऐकत आहेत. मालक ऐकतो आहे, मुसाख ऐकते आहे, विमा कंपनी ऐकते आहे. त्यांतील प्रत्येक जण शंभर किलोमीटरवर आहे आणि आपण दहा मीटरवर, ही गोष्ट तेवढी निसटते. शिवाय फोनला पाणी देता येत नाही.

मात्र एक बाजू सोडून लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. ती भीतीची. या दक्षिणेत रस्त्यावर थांबणे नेहमीच सुरक्षित होते असे नाही. मार्च १९५४ मध्ये एलातहून परत येणाऱ्या बसवर माले अक्राबीमच्या घाटात हल्ला होऊन अकरा माणसे मारली गेली. त्या पिढीच्या लोकांना तो घाट चढताना ते आठवल्याशिवाय राहत नसे. आजही रात्रीच्या वेळी एकट्या बाईने, किंवा लहान मुले गाडीत असताना कोणीही, अनोळखी माणसासाठी उतरलेच पाहिजे असे मी म्हणणार नाही. आणि हल्लेखोरापेक्षाही मोठा धोका मागून येणाऱ्या वाहनांचा असतो. रस्त्याच्या कडेला उभा राहिलेला मदतनीसच चिरडला जातो. वळणावर, चढाच्या माथ्यावर, जेथे गाडी पूर्णपणे रस्त्याबाहेर घेता येत नाही तेथे थांबणे म्हणजे एकाच्या जागी दोन अडथळे करणे होय. थांबावयाचे तर पुढे जाऊन, गाडी रस्त्याखाली उतरवून, पिवळे चमकणारे जाकीट घालून, मुलांना गाडीपासून व रस्त्यापासून दूर उभे करून.

पण भीती हे खरे कारण असेल तर त्याची एक परीक्षा आहे. भ्यालेला माणूस पुढे जाऊन काहीतरी करतो. तो वेग कमी करतो, किलोमीटरचा दगड पाहून ठेवतो, पोलिसांच्या १०० क्रमांकावर फोन करून सांगतो की अमुक ठिकाणी ट्रक रस्त्यात उभा आहे आणि माणूस एकटा आहे, किंवा पुढच्या पंपावर निरोप देतो. ज्याने यातले काही केले नाही आणि योत्वाताला पोहोचून मुलांना आइस्क्रीम घेऊन दिले, त्याला भीती वाटली नव्हती. त्याला अडचण वाटली होती.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो आपल्या लोकांत नेहमी निघतो: मदतीचे पैसे घ्यावेत काय? तालमूदमध्ये यासाठी एक उत्तम रेषा आखली आहे. ओझे उतरविणे फुकट, ओझे पुन्हा लादणे मोबदल्याने. रब्बी शिमोन यांचे मत वेगळे होते, दोन्ही फुकट. पण निर्णय पहिल्याप्रमाणे झाला. म्हणजे संकटातून सोडविण्याची किंमत नाही. धंद्याला पुन्हा लावून देण्याची आहे. पाणी, सावली, किल्ली फिरविणे, निरोप पोहोचविणे हे पहिल्या बाजूचे. ट्रक ओढून मुसाखपर्यंत नेणे, नवा पंप बसविणे हे दुसऱ्या बाजूचे, आणि त्याचे दाम घेणाऱ्याला कोणी नावे ठेवू नयेत. तोही मुलेबाळे पोसतो.

परंतु दाम किती? अडलेला माणूस वाटेल ते कबूल करतो. रात्री अकरा वाजता ओसाड रस्त्यावर उभ्या असलेल्या ड्रायव्हरला गरारवाल्याने, म्हणजे गाडी ओढून नेणाऱ्याने, तिप्पट भाव सांगितला तर तो हो म्हणेल. मग हो म्हटले म्हणजे करार झाला काय? आजचे व्यापारी म्हणतील, झाला. कोणी जबरदस्ती केली नव्हती. बाबा कामामध्ये एका माणसाची गोष्ट आहे. तो तुरुंगातून पळून आला, समोर नदी आणि तर. तो तरवाल्याला म्हणतो, एक दिनार घे पण मला पलीकडे ने. पलीकडे गेल्यावर तरवाल्याला काय मिळावे? निर्णय असा की, त्याची नेहमीची मजुरी, अधिक काही नाही. मला हा निर्णय पटतो. नदी तरवाल्याने खणली नव्हती आणि तुरुंग त्याने बांधला नव्हता. त्याने फक्त तर वल्हवली, तिचे दाम त्याला मिळावे. त्याच न्यायाने रात्रीचा, अंतराचा, धोक्याचा वाजवी जादा दर गरारवाल्याला मिळावा. ड्रायव्हरच्या घाबरण्याचा दर मिळू नये.

गाढव उठून उभे राहिल्यावरही रब्बींनी माणसाला लगेच सोडले नाही. ते पुन्हा कोसळेल म्हणून त्याच्याबरोबर एक 'परसा' चालावे असे त्यांनी सांगितले, आणि या चालण्याचा मोबदला घ्यावयास मात्र परवानगी दिली. परसा म्हणजे चार मिल, चार किलोमीटरांच्या थोडे आत. हे ज्याने लिहिले त्याला माहीत होते की, तात्पुरती दुरुस्ती पहिल्या चढावर सुटते. एअर घेतलेली गाडी तर हमखास थोड्या वेळाने पुन्हा धक्के खाते, कारण सांधा जर सैलच राहिला असेल तर हवा शिरावयाची वाट उघडीच असते. त्या संध्याकाळी आम्ही त्या बेदुईनाच्या मागे ट्रकच्या वेगाने, मागचे चारही दिवे लुकलुकत ठेवून चाललो होतो. मागचे मोटारवाले भोंगे वाजवीत होते. जावयाने दोनदा घड्याळ पाहिले. पुढच्या जंक्शनवर पंपाचे दिवे दिसले तेव्हा ट्रक आत वळला, त्याने एकदा लांब हॉर्न दिला, आणि आम्ही वेग वाढवून दिमोनाच्या रस्त्याला लागलो.